हळदोण्याची ई-टाइप: चार नंबर, सहा दिवस

बुधवार

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीचा नाका ओलांडला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जुनी गाडी तपासायला गोव्यात जायचं तर नोव्हेंबरचा शेवट बरा. पत्र्याच्या सांध्यांत शिरलेलं पावसाचं पाणी तोवर सुकलेलं असतं, आणि जिथे सुकलं नाही तिथे गंज ताजा, केशरी दिसतो. जुलैत सगळंच ओलं, काही उमगत नाही.

गाडी हळदोण्यात होती. जॅग्वार ई-टाइप, पहिली मालिका, ३.८ लिटर, उघडी रोडस्टर, स्टिअरिंग उजवीकडे. मालकांचं म्हणणं असं: गाडी १९६१ ची, फ्लॅट फ्लोअर, बॉनेटचं लॉक बाहेरचं. शिवाय प्रत्येक विकणारा म्हणतो ते, सगळे नंबर मॅचिंग, म्हणजे कारखान्याच्या नोंदीशी जुळणारे.

यातल्या दोन खुणांना एवढा भाव का, ते आधी. ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांना बॉनेट उघडण्यासाठी दोन्ही बाजूंना, बाहेरून चावीने फिरवायची लॉक होती. पुढे ती गेली आणि खटका गाडीच्या आत आला. पायाखालचा पत्रा १९६२ च्या सुरुवातीपर्यंत सपाट होता. उंच माणसाला पाय ठेवायला जागा पुरेना म्हणून नंतर तिथे खोलगट भाग दिला. संग्राहक या दोन खुणांचे पैसे मोजतात, आणि म्हणूनच नकलाही याच दोन खुणांच्या होतात.

संध्याकाळ म्हापशाच्या मुक्कामी कागदांत गेली. गाडीच्या आधी कागद पाहावेत, नाहीतर चकचकीत रंग बघून मन आधीच ठरून जातं. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचा दाखला मालकांनी मागवून ठेवला होता. तो मालकालाच मिळतो, तपासणाऱ्याला नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी तो हातात आहे ना हे विचारून घ्यावं. दाखल्यावर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चार नंबर असतात. शिवाय मूळ रंग, आतल्या चामड्याचा रंग, गाडी तयार झाल्याची तारीख आणि ती कुठल्या विक्रेत्याकडे गेली तेही. या दाखल्यात रंग ओपलसंट डार्क ब्लू, म्हणजे चकाकीचा गडद निळा, आणि तयार झाल्याचा महिना डिसेंबर १९६१ होता. गाडी आज लाल आहे.

दाखला खरा असला तरी तो फक्त कारखान्यातून काय बाहेर पडलं ते सांगतो. समोर उभी आहे ती तीच गाडी, असं तो कुठेही म्हणत नाही. दाखल्यावरचे आकडे वाचून कुणीही कोऱ्या पट्टीवर ठोकू शकतो.

आरसी बुकाचं वेगळंच. जुन्या नोंदींत इंजिन नंबर चेसिसच्या रकान्यात गेलेला असतो, मागचं-पुढचं अक्षर गळलेलं असतं, इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल झालेली असते, आणि 'उत्पादन वर्ष' म्हणून नोंदणीचं वर्ष लिहिलेलं असतं. अशा चुका सापडल्या की लबाडीचा संशय घेण्याआधी कारकुनाचा घ्यावा. इथे चेसिस नंबर बरोबर होता, इंजिन नंबरातलं शेवटचं '-९' गायब होतं. ते कॉम्प्रेशन रेशो दाखवतं, ९:१. नसलं तरी चालतं, पण इंजिनावर मात्र ते हवंच.

चेसिस नंबराची मालिका तिथल्या तिथे तपासता येते. ३.८ च्या उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टर ८५०००१ पासून, उजव्या स्टिअरिंगच्या कूपे, म्हणजे पक्क्या छताच्या, ८६०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगच्या रोडस्टर ८७५००१ पासून आणि डाव्या कूपे ८८५००१ पासून. पहिल्या मालिकेतल्या, नंतर आलेल्या ४.२ लिटरच्या गाड्यांचा नंबर '१ई' ने सुरू होतो. ८७५ ची गाडी उजव्या स्टिअरिंगची दिसली तर ती बदललेली आहे, वाद नको. ही ८५० मधलीच होती.

त्या गठ्ठ्यातला सगळ्यात मोलाचा कागद मात्र मालकांच्या लेखी रद्दी होता. १९८० च्या दशकात गाडी मुंबईहून गोव्यात नावावर झाली, तेव्हाच्या अर्जाची प्रत. तिच्या कोपऱ्यात चेसिस नंबराचा पेन्सिलीने घासून घेतलेला छाप चिकटवलेला. पिवळ्या पडलेल्या सेलोटेपखाली सहा आकडे. आरटीओत हा छाप घेण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, आणि परदेशातल्या तज्ज्ञांना जे पुरावे शोधूनही मिळत नाहीत त्यातला हा एक आपल्याकडे फायलीत पडून असतो. तोच नंबर दुसरा हात पुन्हा ठोकू शकतो, पण पहिल्या हाताच्या आकड्यांच्या खोडी त्याला जमत नाहीत. या छापात ५ ची शेपटी आखूड होती आणि पहिलं शून्य बाकीच्यांपेक्षा केसभर वर चढलेलं होतं.

गुरुवार

म्हापशाहून हळदोण्याला सकाळी आठला निघालो. चिऱ्याचं जुनं घर, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, अंगणात क्रोटनच्या कुंड्या लोखंडी सांगाड्यावर ओळीने मांडलेल्या. गाडी बाजूच्या पडवीत.

"पळयात बाब, किदेंच लिपोवंक ना," मालक म्हणाले. लपवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याला काही गोष्टी स्वतःलाच ठाऊक नसतात, एवढं लक्षात ठेवून कामाला लागावं.

पहिला दिवस फक्त नंबरांचा. सोबत काय असावं: मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी, ट्रेसिंग पेपर, कागदी चिकटपट्टी, दांड्यावरचा छोटा आरसा, कपाळावरची बॅटरी, नायलॉनचा ब्रश, थोडं रॉकेल आणि कॉटन वेस्ट. तारेचा ब्रश आणि पॉलिशपेपर गाडीतच ठेवावेत. नंबरावर पॉलिशपेपर फिरवला की धातू जातो, आणि मग पुढचा तपासणारा ती खोडाखोड तुमच्या नावावर मांडतो.

ई-टाइपमध्ये चेसिस नंबर पुढच्या चौकटीच्या आडव्या नळीवर, उजव्या बाजूला, शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या आधारापाशी ठोकलेला असतो. इथे या गाडीची मूळ गोम आहे. मधला बॉडीचा भाग पत्र्याचा एकसंध आहे. त्याच्या पुढे रेनॉल्ड्स ५३१ पोलादाच्या चौकोनी नळ्यांच्या बाजूच्या दोन चौकटी बोल्टने जोडलेल्या आणि त्यांच्या टोकाला ही आडवी चौकट, तीही बोल्टनेच. म्हणजे गाडीची कायदेशीर ओळख ज्या तुकड्यावर कोरली आहे तो तुकडा पान्ह्याने सुटतो. शिवाय ठोकर लागली की पहिला मार त्यालाच, आणि खाऱ्या हवेत नळी आतून कुजते तीही हीच. त्यामुळे चौकट बदललेली असणं हा गुन्हा नाही. गोव्यात चाळीस वर्षं काढलेल्या गाडीत ती न बदलणंच नवल. प्रश्न एवढाच की बदलली तेव्हा नंबराचं काय केलं.

रॉकेलाच्या बोळ्याने मळ काढला, कागद ताणून चिकटवला, पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने घासली. तीन छाप घ्यावेत, एकात हमखास कागद सरकतो. छाप जुन्या अर्जाच्या प्रतीशेजारी ठेवला आणि शंका उरली नाही. आकडे तेच, हात वेगळा. ५ ची शेपटी लांब, सहाही आकडे एका रेषेत, उंचीला जवळजवळ एक मिलिमीटर मोठे. नंबर नव्याने ठोकलेला.

इथे बरेच जण तपासणी थांबवतात आणि 'डुप्लिकेट' म्हणून मोकळे होतात. घाई करू नये. उरलेले तीन नंबर अजून बघायचे असतात.

बॉडी नंबराची छोटी पट्टी स्कटलच्या, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या, उजव्या बाजूला. रोडस्टरच्या नंबराआधी 'आर', कूपेच्या आधी 'व्ही'. इथे आर होता आणि आकडे दाखल्याशी जुळत होते. पट्टी मात्र सुटी करता येते, म्हणून तिच्यापेक्षा तिच्या रिव्हेटकडे आणि भोवतीच्या रंगाकडे बघावं. जुन्या पट्टीच्या कडेला रंगाचे थर साचून पायरी तयार होते. नव्याने लावलेल्या पट्टीखालून तोच वरचा रंग सलग जातो. इथे पायरी होती, आणि तिच्या तळाशी नखाएवढ्या जागेत गडद निळा, बारीक चकाकीचा रंग. बॅटरी तिरपी धरली की कण चमकत होते. दिवसभरात पहिल्यांदा दाखला आणि पत्रा एकच भाषा बोलले.

इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर, आणि तोच सिलिंडर हेडच्या पुढच्या भागावर. दोन्ही वाचावेत. ३.८ ई-टाइपचा नंबर 'आर', नंतरच्यांचा 'आरए' ने सुरू होतो. 'एल' दिसला तर इंजिन जॅग्वारच्याच मार्क २ सलूनचं, 'झेड' दिसला तर मार्क १० चं. ४.२ मध्ये ई-टाइपचा '७ई' आणि मार्क १० चा '७डी', त्यामुळे एका अक्षरावर फसगत होते. सलूनचं इंजिन ई-टाइपमध्ये बसतं आणि उत्तम चालतंही. फक्त ते त्या गाडीचं नसतं. ब्लॉकवरच्या नंबराची जागा वरच्या, हेड बसतं त्या पातळीपासून वेगळी आहे. तेव्हा 'ब्लॉक प्लेनिंग करताना, म्हणजे वरून घासून सपाट करताना, नंबर गेला' हे उत्तर या इंजिनाला लागू पडत नाही. इथे ब्लॉक आणि हेड दोन्ही जुळले, '-९' सकट. आकड्यांच्या खाली मूळ यंत्रकामाच्या समांतर रेघा शाबूत होत्या. घासून पुन्हा ठोकलेल्या जागी त्या रेघा नसतात, किंवा वेड्यावाकड्या असतात.

गिअरबॉक्सचा नंबर पेटीच्या डाव्या, मागच्या खांद्यावर आणि वरच्या झाकणावर. खांद्यावरचा खालून आरशात दिसतो, म्हणून तो शुक्रवारवर टाकला.

शुक्रवार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे सकाळी नऊनंतर गाडी हलवायचं नाव नको. गॅरेजवाल्याकडे सातलाच पोचायचं ठरलं. गाडी ट्रेलरवरून नेली. तपासणीआधी जुनी गाडी चालवत नेऊ नये, ब्रेक कसे आहेत तेच माहीत नसतं.

मिस्त्री अनुभवी, पण जॅग्वार पहिल्यांदा हाताळणारा. त्याला आधीच एक गोष्ट सांगून ठेवली: ३.८ च्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. नेहमीच्या सवयीने चार्जर उलटा लागला की रेडिओपासून सगळं धोक्यात. ४.२ आली तेव्हा डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह अर्थ झाला. आधी मल्टिमीटर लावून बघावं, कारण मधल्या काळात कुणीतरी वायरिंग फिरवलेलंही असतं. इथे अजून पॉझिटिव्हच होतं.

लिफ्टवर घेतल्यावर पहिली नजर पुढच्या चौकटीच्या जोडांवर. कारखान्यातल्या नळ्या पितळ भरून, म्हणजे ब्रेझिंगने जोडलेल्या असतात. जोडाच्या कडेचा रंग नखाने खरवडला तर पिवळी झाक दिसते आणि जोड गुळगुळीत, वाहून बसल्यासारखा असतो. बाजूच्या दोन्ही चौकटींवर तो तसाच होता. पुढच्या आडव्या चौकटीवर मात्र मिगच्या, म्हणजे विजेवरच्या तारेच्या, वेल्डिंगचे खवले. अल्ट्रासॉनिक मीटर लावला: बाजूच्या नळ्यांची भिंत दीड मिलिमीटरच्या वर थोडी, पुढच्या चौकटीची सरळ तीन. म्हणजे बाजारातली साधी चौकोनी पाइप आणून इथेच कुठेतरी बनवलेली.

जाड म्हणजे मजबूत, असं मिस्त्रीचं मत पडलं. तसं नाही. ५३१ पातळ असूनही ताकदवान असतं म्हणून ते वापरलं. शिवाय ही चौकट पुढच्या सस्पेन्शनचे आधार धरून असते, तेव्हा ती चौरस नसेल तर सगळं वाकडं बसतं. ई-टाइपचा व्हीलबेस ८ फूट, म्हणजे २४३८ मिलिमीटर. चाकं सरळ करून, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या: डावीकडे २४३९, उजवीकडे २४३०. नऊ मिलिमीटरचा फरक. उजव्या पुढच्या टायरची आतली कड झिजलेली होती, ती का हे त्या आकड्यातच होतं.

आता पायाखालचा पत्रा. फ्लॅट फ्लोअर खरा की नंतर सपाट पत्रा टाकून केलेला, हे वरून कार्पेट उचलून कळत नाही, खालून कळतं. कारखान्याचे स्पॉट वेल्ड लहान, आत दबलेले, साधारण सारख्या अंतरावर असतात. दुरुस्तीत भोक पाडून भरलेला वेल्ड गोल, फुगीर, आणि अंतर हाताला येईल तसं. ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा बदललेला होता, फुगीर टिकल्यांची माळ स्पष्ट दिसत होती. डाव्या बाजूचा मात्र मूळ: दबलेले स्पॉट वेल्ड, पत्र्याच्या मूळ खोबणी, आणि खोलगट भाग कापून भरल्याची कुठेही खूण नाही. एक बाजू मूळ सपाट असेल तर गाडी सपाटच होती. दोन्ही बाजू नव्या असत्या तर एवढ्या खात्रीने बोलता आलं नसतं.

दारांखालच्या सिलमध्ये पाणी निचरायच्या भोकांतून ७ मिलिमीटरचा बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकावरचा कॅमेरा, घातला. आत गोव्याची तांबडी धूळ, चिऱ्याची, पापुद्र्यासारखी बसलेली. हा पुरावा बनवता येत नाही. नवा सिल आतून स्वच्छ नाहीतर काळ्या अंडरकोटचा असतो. तांबडा थर जुन्या लोखंडावर वर्षानुवर्षं बसतो. डावा सिल जुना, उजवा मागचा फूटभर तुकडा नवा. मागच्या रेडियस आर्मच्या, म्हणजे मागचं चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याच्या, आधाराचे खोलगे मात्र दोन्हीकडे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावेत. तिथला पत्रा गेला तर अस्सलपणाचा नाही, जिवाचा प्रश्न असतो. इथे उजवा मऊ लागला. तो अहवालात पहिल्या ओळीत जातो.

इंजिनाचा फेरा मागच्या चाकांना देणाऱ्या डिफरन्शलच्या बोल्टखालची रेशोची पट्टी गळून पडली होती. अशा वेळी मोजायचं. लिमिटेड स्लिप डिफरन्शल असल्यामुळे मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवलं की दुसरंही त्याच दिशेने फिरतं. चाकावर आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रॉपशाफ्टवर खडूची रेघ. चाकाचे १० फेरे, शाफ्टचे ३३ आणि वर थोडंसं. म्हणजे ३.३१, ४३ आणि १३ दातांची जोडी. एक फेरा मोजून ठरवू नये, ३.३१ आणि ३.५४ मध्ये फरक पाव फेऱ्याचाच आहे.

आणि गिअरबॉक्स. आरशात पहिली दोन अक्षरं दिसली: 'ईजे'. ३.८ ची मॉस बनावटीची पेटी 'ईबी' ने सुरू होते. ही ४.२ ची. 'सगळे नंबर मॅचिंग' तिथे संपलं.

शनिवार

पुन्हा हळदोण्यात. ऊन डोक्यावर यायच्या आत बॉनेट.

बाहेरच्या लॉकच्या गाड्यांत बॉनेटवरच्या हवेच्या जाळ्या, लूव्हर, वेगळ्या पत्र्यात कापून बॉनेटमध्ये वेल्डिंगने बसवलेल्या होत्या. नंतर त्या बॉनेटच्याच पत्र्यात दाबून काढायला लागले. फ्लॅट फ्लोअर, बाहेरचं लॉक आणि वेल्ड केलेले लूव्हर ही नावं म्हणूनच जोडीने घेतली जातात. बॉनेट उचलून खालून बोट फिरवलं तर वेल्ड केलेल्या लूव्हरभोवती चौकोनी सांधा बोटाला लागतो. इथे लागला नाही. पत्रा सलग. दाबून काढलेल्या लूव्हरच्या बॉनेटला बाहेरचं लॉक, हा जोड कारखान्याचा नव्हे. रंगाचा जाडीमापक लॉकभोवती ७०० मायक्रॉनच्या वर गेला, बाकी बॉनेटवर २५० च्या आसपास होता. म्हणजे तिथे पुट्टी. आणि आतल्या खटक्याची मूळ जागा बॉडीच्या पत्र्यावर होती तशीच, फक्त वर काळं रेक्झिन चिकटवून झाकलेली. शिवाय डिसेंबरची गाडी. तोवर बाहेरची लॉक बंद झालेली होती.

कुणाला तरी खरी, चांगली गाडी आणखी दुर्मीळ करायची हौस झाली आणि त्या हौसेने सगळ्याच गाडीवर संशय आणला. चौकट गरजेपोटी बदलली होती, लॉक भावासाठी लावलं होतं. अहवालात दोघांना एकच शब्द वापरणं अन्याय होईल.

सुट्या भागांच्या तारखा बघायला जास्त वेळ लागत नाही. लुकास कंपनीच्या विजेच्या भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. स्टार्टरवर १० ६१, वायपर मोटरवर ११ ६१, डायनामोवर ५ ६४. डिसेंबरच्या गाडीत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे भाग अगदी योग्य, डायनामो नंतरचा. सगळेच भाग एकाच महिन्याचे निघाले तर उलट सावध व्हावं, ते कुणीतरी जुळवून आणलेले असतात. डॅशबोर्डच्या मधल्या पट्टीवरही रेक्झिन होतं. कडेला उचललं तर खाली ठिपक्यांच्या नक्षीचं अॅल्युमिनियम, १९६१ ला शोभेल असं.

३.४, ३.८ आणि ४.२ तिन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०६ मिलिमीटरच. स्पार्कप्लगच्या भोकातून सळई घालून 'मोजलं, ३.८ आहे' म्हणणारे भेटतात. त्या मोजणीने काहीच सिद्ध होत नाही. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात आहे, ३.८ ला ८७ मिलिमीटर, ४.२ ला ९२.०७. शिवाय ४.२ मध्ये सिलिंडरांची अंतरं बदलली पण हेडमधल्या, इंधन जळतं त्या घुमटांची तीच राहिली, त्यामुळे बोअरस्कोपने काही सिलिंडरांत घुमट बोअरपासून किंचित सरकलेला दिसतो. इथे तसा सरकलेला नव्हता.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, घेताना सहाही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. जॅग्वारमध्ये पहिला सिलिंडर मागचा, फ्लायव्हीलकडचा. मिस्त्रीने सवयीने पुढून मोजायला घेतलं. नंतर '६ नंबर कमी' असं लिहिलं असतं तर दुरुस्ती करणाऱ्याने भलताच सिलिंडर उघडला असता. पाच सिलिंडर १४२ ते १५० पीएसआय, पुढचा, म्हणजे सहावा, ११८. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं, १२० च्या वर गेला नाही. दोष पिस्टनच्या रिंगचा असता तर चढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह. गरम इंजिनावर मिनिटाला ३००० फेऱ्यांना ऑइलचा दाब ४० पीएसआयच्या आसपास हवा, ३८ मिळाला. हे वाईट नाही.

खोर्जुव्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जेमतेम दोन किलोमीटर, तीसच्या आत. गाडी ताशी १० च्या वेगाने सरकत असताना पहिला गिअर टाकला. मॉस पेटीत पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आवाज न करता बसवणारी सोय, नाही, ती खरखरते आणि पहिल्यात एकसुरी रडते. ही गप्प शिरली. आरशातल्या दोन अक्षरांवर शिक्कामोर्तब. चालवणाऱ्याला ही पेटी केव्हाही बरी, मूळ पेटी मात्र कुठे आहे ते मालकांना ठाऊक नाही.

रविवार

तपासणीला सुट्टी, ताळेबंदाचा दिवस. बॉडी १९६१ ची, फ्लॅट फ्लोअर खरा, इंजिन मूळ, रंग कळला. पेटी बदललेली, लॉक खोटं. अडकलं होतं ते एवढ्यावर: बॉडी नंबर आणि चेसिस नंबर यांची गाठ घालणारा मूळ तुकडा नाही. इथून पुढे घासलेले आकडे आम्ल लावून उठवता येतात, पण ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम. आणि इथे घासलेलं काही नव्हतंच, नळीच नवी होती. तेव्हा जुनी चौकट गेली कुठे, हा प्रश्न विचारायला चारला मालकांकडे गेलो.

गंजलेली म्हणून काढली, १९९० च्या आसपास, मिस्त्रीने टाकली असेल, असं ते म्हणाले. मग बोलता बोलता थांबले आणि अंगणाकडे बघितलं. क्रोटनच्या कुंड्या.

कुंड्या उतरवल्या. सांगाड्याची डावी बाजू मातीत गाडलेली, नशिबाने नंबराची बाजू वर होती. पण गंजाचा पापुद्रा असा की आकडे दिसायचे नाहीत. इथे घासायची उर्मी होते, तीच आवरायची. मालकांच्या पत्नी म्हणाल्या, तांब्याच्या भांड्यांना लावतो ती आंबट फळं, बिंबलं, लावून बघा. सूचना पक्की होती. बिंबलांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंज सोडवतं आणि लोखंडाला फारसं खात नाही. अर्धा किलो बिंबलं ठेचून, फडक्यात बांधून पुरचुंडी तासभर नळीवर ठेवली. नायलॉनचा ब्रश, पाणी, परत तासभर. तिसऱ्या खेपेला आकडे वर आले. सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, लगेच तेलाचा हात दिला, नाहीतर रात्रीत पुन्हा तांबडं होतं.

कागद, ६बी, एका दिशेने. चौथा आकडा खड्ड्यात गेलेला, अर्धाच आला. बाकी पाच स्वच्छ. ५ ची शेपटी आखूड. पहिलं शून्य केसभर वर.

सोमवार

आरटीओत काम थोडं, रांग मोठी. चेसिस नंबर पुन्हा ठोकायचा तर तो आरटीओच्या लेखी परवानगीने आणि नोंदीसह. तशी नोंद या गाडीच्या आरसीवर नाही, ती आता करून घ्यावी लागणार. जुनी चौकट, दोन्ही छाप आणि अर्जाची जुनी प्रत सोबत जोडायची.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा, जुनी आरसी, आयात गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिका. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला मनाई. अट मात्र अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हापशाच्या पाइपची चौकट व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीपुढे नेण्यात शहाणपण नाही. ५३१ नळीची, ब्रेझिंग केलेली तयार चौकट मागवावी, ती बसवल्यावर व्हीलबेस दोन्हीकडे पुन्हा मोजावा, आणि मगच परवानगीने नंबर ठोकावा. रेडियस आर्मचा उजवा आधार त्याही आधी.

अहवालात तीन शब्द वापरले. मूळ: बॉडी, डावा फ्लोअर, ब्लॉक, हेड, बाजूच्या चौकटी. बदललेलं: पुढची चौकट, गिअरबॉक्स, डायनामो, उजवा फ्लोअर, उजव्या सिलचा तुकडा. आणि लावलेलं: बाहेरचं लॉक. किंमत ठरवणाऱ्याने हे तीन रकाने वेगवेगळे वाचायचे. मालकांनी लॉक काढून भोकं बुजवायला सांगितलं आहे.

जुनी चौकट तेलात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली. ती यापुढे गाडीबरोबरच जाईल, आरसीइतकीच. क्रोटनच्या कुंड्यांना आता चार चिरे लावलेत.